पुढील मजकूर पान २१४ वर

आमच्या गावाला नाव एका लेखिकेनं दिलंय, हे मला इथे राहायला येऊन अकरा वर्षं झाल्यावर कळलं. एलिझाबेथ एलेट तिचं नाव. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या बायकांवर तिनं मोठा ग्रंथ लिहिला होता. १८५२ साली ती या भागात हिंडायला आली, तेव्हा मिनेसोटा हे राज्यसुद्धा झालेलं नव्हतं. इथलं गवताळ माळरान बघून ती इतकी खूश झाली की तिनं त्याला थेट नंदनवन करून टाकलं: ईडन प्रेरी. गंमत म्हणजे याच नंदनवनातून जो ओढा वाहतो त्याचं नाव परगेटरी क्रीक. ख्रिस्ती कल्पनेप्रमाणे परगेटरी म्हणजे स्वर्गात प्रवेश मिळण्याआधी पापं धुवून काढायची जागा. तो ओढा स्टेरिंग लेकला येऊन मिळतो. त्या तळ्याभोवतीच्या वाटेवर आपली निम्मी मराठी मंडळी संध्याकाळी चालताना भेटतात, आणि जानेवारीत उणे वीस झालं की तीच मंडळी मॉलमध्ये गोल गोल फिरताना भेटतात.

हे सगळं सांगायचं कारण असं की गेल्या वर्षभरात या गावात आम्ही चौघांनी मिळून एक पुस्तक तयार करायला घेतलंय. जुन्या दिवाळी अंकांमधल्या विज्ञानकथांचा संग्रह. एकूण अकरा कथा. प्रकाशनसंस्था म्हणाल तर आमच्या घरातलं जेवणाचं टेबल, एक स्कॅनर, दोन लॅपटॉप आणि मैत्रिणीचे सासरे. सासरे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे काका, पुण्यात बुधवार पेठेत चाळीस वर्षं छापखान्यात होते. आधी खिळे जुळवले, नंतर ऑफसेटवर बसले. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते आणि पहिल्या तीन आठवड्यांतच कंटाळून गेले होते. आम्ही त्यांना कामाला लावलं असं त्यांची सून म्हणते. खरं म्हणजे त्यांनी आम्हाला कामाला लावलं.

सुरुवात मात्र या सगळ्याच्या आधीची आहे.

माझे बाबा सांगलीला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. वर्षातून एकदा, आषाढ संपता संपता, ते एक गोष्ट लिहीत. ती आई सुवाच्य अक्षरात लिहून काढी आणि पाकीट कुठल्या ना कुठल्या दिवाळी अंकाकडे रवाना होई. कधी छापून येई, कधी नाही. मोठ्या अंकांत बाबांचं नाव कधी आलं नाही. जिल्ह्याच्या गावांतून निघणारे, सहकारी बँकांच्या आणि साखर कारखान्यांच्या जाहिरातींवर चालणारे जे अंक असतात, त्यांत बाबांच्या सात कथा आल्या. आईनं त्यांची कात्रणं करून एका पिशवीत ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं. आयर्विन पुलापाशी पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. तोवर बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. आईला शेजारच्यांनी वरच्या मजल्यावर नेलं. तिनं बरोबर काय घेतलं, तर देव, औषधांचा डबा आणि ती पिशवी. तरीही खालची काही पानं भिजलीच.

पिशवी मी इकडे आणली आणि कपाटात ठेवून दिली. सहा वर्षं ती तिथे होती. आपण सगळेच असं करतो, मी एकटी नाही.

२०२५ साली २० मे ला जयंत नारळीकर गेले. त्या रात्री जेवताना मी मुलाला त्यांची ती प्रसिद्ध हकिगत सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. स्वतःच्या नावावर कथा पाठवली तर परीक्षक दबून जातील. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी फिरवली आणि नारायण विनायक जगताप या नावानं 'कृष्णविवर' पाठवली. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून ती मंगलाबाईंकडून लिहून घेतली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. मुलगा हसला आणि त्यानं विचारलं, "मग आजोबांची स्टोरी पण आजी लिहायची ना? ती कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी पिशवी खाली आली.

कात्रणं टेबलावर पसरल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे कात्रणाच्या पाठीमागे जे छापलेलं असतं तेही वाचण्यासारखं असतं. बाबांच्या एका कथेच्या पाठीवर मिरजेच्या एका अनोळखी लेखकाची चंद्रावरच्या कोर्टकचेरीची कथा होती, आणि ती बाबांच्या कथेपेक्षा चांगली होती. (आई हे वाचणार आहे. वाचू दे.) तिथून मनात आलं, असे किती असतील? नारळीकरांची 'यक्षांची देणगी' १९७९ साली मौजेनं पुस्तक म्हणून काढली आणि ती टिकली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांची पुस्तकं आहेत, वाचनालयात मिळतात. पण विज्ञानकथेची पालखी ज्यांनी दोन-चार पावलंच उचलली, त्या शाळामास्तरांची, टेलिफोन खात्यातल्या इंजिनिअरांची, प्रयोगशाळा सहायकांची कथा दिवाळी अंकात आली आणि पुढच्या दिवाळीआधी रद्दीत गेली. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, त्याला आता शंभरावर वर्षं झाली. या काळात रद्दीत किती गेलं याचा हिशोब कोण ठेवणार?

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची होती. बाबांची सगळ्यात चांगली कथा अर्धवट होती.

तिचं नाव 'पावसाचं वेळापत्रक'. १९८३ ची. भविष्यकाळात पाऊस सरकारच्या ताब्यात आलाय, एसटीसारखं त्याचं वेळापत्रक लागतं आणि प्रत्येक जिल्ह्याला एक पर्जन्य खातं आहे. कथेचा नायक त्या खात्यातला कारकून. एका संध्याकाळी त्याच्या टेबलावर दोन तारा येतात. जतहून आलेली तार म्हणते, तीन वर्षं आमचा वाटा कागदावरच आहे, आज पाठवा. दुसरी वाळव्याची: नदी काठोकाठ आहे, आमचा आजचा पाऊस रद्द करा. ढग एकच आहे आणि तो जतला न्यायचा तर भरलेल्या नदीवरून न्यावा लागतो. वाटेत फुटला तर सांगली बुडते. साहेब दौऱ्यावर आहेत. रात्रीचे साडेदहा. कारकून चष्मा पुसतो, दौतीचं झाकण काढतो, आणि खाली कंसात बारीक टायपात येतं: पुढील मजकूर पान २१४ वर.

पान २१४ पिशवीत नाही. भिजून लगदा झालेल्या पानांत ते गेलं असावं. अंक बंद पडून तीस वर्षं झाली. संपादक हयात नाहीत. मी भाच्याला दोन-तीन वाचनालयांत पाठवलं. कुठे त्या वर्षाचा अंक नाही, कुठे आहे पण वाळवीनं खाल्लेला, आणि सांगलीतल्या जुन्या वाचनालयाची हजारो पुस्तकं तर त्याच पुरात भिजली.

काकांचं म्हणणं सोपं होतं. "कथा गाळा. अर्धी कथा पुस्तकात छापत नाहीत. वाचक मागे लागतो."

गाळायची म्हणजे मला पुस्तकच नको होतं.

आता थोडं कामाविषयी, कारण 'पुस्तक काढलं' असं आपण सहज म्हणून जातो. सगळ्यात आधी परवानगी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क वारसांकडे असतात, म्हणजे या अकराही कथांना वारस आहेत. ते शोधणं हा एक स्वतंत्र उद्योग झाला. एका लेखकाची मुलगी न्यू जर्सीत निघाली, एडिसनला, आमच्याच ओळखीच्यांच्या बिल्डिंगमध्ये. वडील कथा लिहायचे हे तिला ठाऊक नव्हतं. फोनवर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, आधी मला पाठवा, मी वाचते, मग सांगते. दोन दिवसांनी तिची ईमेल आली, तीत फक्त 'होय' एवढंच होतं. मिरजेच्या त्या चंद्रावरच्या कोर्टवाल्यांचे तीन मुलगे, तिघांचं एकमेकांशी पटत नाही, आणि तिघांच्या सह्या हव्यात. त्या मिळवायला लागलेला वेळ कोर्टालाही शोभला असता.

मग टायपिंग. जुन्या छपाईचं स्कॅन करून संगणकाला वाचायला दिलं की तो वाचतो, पण आपल्या पद्धतीनं. य आणि प यांत त्याला फरक दिसत नाही. त्यामुळे आमच्या संग्रहात पहिल्या वाचनात 'पान अवकाशात झेपावले', 'पानातील तिघेही बेशुद्ध होते' आणि 'मंगळावर उतरण्यापूर्वी पानाला चुना' — नाही, हे शेवटचं काकांनी जोडलं. घनाचं धन होतं, भाराचा मार होतो. काकांनी मुद्रितं तपासली ती लाल पेन घेऊन, ओळीखाली पट्टी धरून, मोठ्यानं वाचत. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ कात्रणावर बोट ठेवायचं. ईडन प्रेरीच्या लायब्ररीत आम्ही शनिवारी हे करायचो, तेव्हा शेजारच्या टेबलावरची हायस्कूलची पोरं कुतूहलानं बघत.

वादही झाले. एका कथेत 'गणकयंत्र' आहे. आमच्यातल्या आयटीवाल्यानं 'संगणक' करू म्हटलं, तरुणांना कळायला हवं. काकांनी पेन खाली ठेवलं. "कळेल. नाही कळलं तर विचारतील. लेखकाचा शब्द बदलायचा नाही, चूक असली तरच दुरुस्त करायचं." गणकयंत्र राहिलं.

आयएसबीएन इथे एकच घ्यायचा तर सव्वाशे डॉलर पडतात आणि भारतात तो फुकट मिळतो, हे कळल्यावर पुस्तक पुण्यात छापायचं ठरायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

तर बाबांची कथा. जून महिन्यात तीन रात्री जागून मी तिचा शेवट लिहिला. खोटं कशाला बोलू, तो चांगला झाला होता. बाबांची वाक्यं कशी असतात हे मला पाठ आहे: लहान, शेवटी क्रियापद, मध्येच एखादा तिरकस शेरा. माझ्या शेवटात कारकून दौत पालथी करतो, शाई नकाशावरच्या नदीवर सांडते आणि तो ढग सोडतो. मी कुणाला न सांगता ती पानं कथेला जोडून शनिवारी नेली. सगळ्यांना कथा आवडली. शेवट सापडला म्हणून आयटीवाल्यानं मला मिठाई मागितली. काका काही बोलले नाहीत. त्यांनी मूळ कात्रण मागितलं, बोट ठेवायला. मी म्हटलं, घरी राहिलं.

याच सुमारास आमच्या शेजारच्या आजोबांनी मला एका माणसाबद्दल सांगितलं. आजोबा निवृत्त लायब्ररियन, सत्तर वर्षांचे, तळघरात जुन्या विज्ञानकथांची भिंतभर पुस्तकं. मिनियापोलिसमधलं अंकल ह्यूगोज हे विज्ञानकथांचं दुकान १९७४ साली निघालं, म्हणजे 'कृष्णविवर'च्याच वर्षी, तेव्हापासूनचे ते गिऱ्हाईक. २०२० च्या मेमधल्या जाळपोळीत ते दुकान खाक झालं, त्या दिवशी आजोबा दिवसभर अंगणात बसून होते. दोन वर्षांनी दुकान नव्या जागेत उघडलं, तेव्हा ते मलाही घेऊन गेले होते. आमचं पुस्तक चाललंय हे कळल्यावर ते म्हणाले, अरे, मग तू वॉन्ड्राई वाचायला हवास.

डोनाल्ड वॉन्ड्राई आपल्या सेंट पॉलचा. त्या काळी अमेरिकेत अद्भुत कथा, भयकथा, अवकाशकथा छापत ती 'वीअर्ड टेल्स'सारखी स्वस्त मासिकं. कागद इतका हलका की वर्षभरात पिवळा पडे, पाच वर्षांत तुकडे. एच. पी. लव्हक्राफ्ट हा लेखक त्यांत लिही. १९२७ साली एकोणीस वर्षांचा वॉन्ड्राई नुसत्या त्याला भेटायला सेंट पॉलहून वाटेत मिळेल त्या गाडीला हात करत हजारावर मैल प्रवास करून प्रॉव्हिडन्सला गेला. १९३७ साली लव्हक्राफ्ट वारला. नावावर सगळा पसारा मासिकांत विखुरलेला. वॉन्ड्राई आणि विस्कॉन्सिनमधला त्याचा मित्र ऑगस्ट डर्लेथ यांनी कथा गोळा केल्या, न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशकांना दाखवल्या, त्यांनी नाही म्हटलं. तेव्हा दोघांनी १९३९ साली स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली: आर्कम हाउस. पत्ता, सॉक सिटी, विस्कॉन्सिन. डर्लेथनं घर बांधायला काढलेल्या कर्जातले पैसे त्यात घातले. (इथे काकांनी मान डोलावली. त्यांच्या मालकानंही एकदा बायकोच्या पाटल्या घातल्या होत्या.) पहिलं पुस्तक साडेपाचशे पानांचं, १,२६८ प्रती, किंमत पाच डॉलर, आगाऊ नोंदवणाऱ्यांना साडेतीन. आगाऊ नोंदणी झाली दीडशे. प्रती संपायला चार वर्षं लागली. आज तीच प्रत हजारो डॉलरला जाते, आणि लव्हक्राफ्ट हे नाव जगभर आहे.

जुलैत बहिणीच्या वास्तुशांतीला शिकागोला जायचं होतं. आपण सगळे ९४ नंबरच्या हायवेनं जातो आणि विस्कॉन्सिन डेल्सला मुलांना पाण्यात सोडतो. या वेळी मी डेल्सच्या पुढे गाडी बारा नंबरच्या रस्त्याला घ्यायला लावली. बाराबू मागे टाकलं की साधारण वीस मिनिटांत सॉक सिटी येतं. गाव लहान, विस्कॉन्सिन नदीच्या काठी. नदी रुंद, उथळ, मध्ये वाळूची बेटं; पाऊस नुकता होऊन गेला होता आणि पाण्याचा रंग कृष्णेसारखा चहाचा. डर्लेथ जन्मला इथे, १९७१ साली मेला इथेच, आणि मधल्या काळात जगभरची भुतं याच गावच्या पोस्टातून पाकिटांत घालून पाठवत राहिला. लेखकांच्या गावी गेल्यावर वाटतं काहीतरी दिसेल. दिसलं ते एक नीटनेटकं, दुपारी झोपलेलं खेडं. मुलाला मात्र गाव फार आवडलं, कारण पहिलं कल्व्हर्स १९८४ साली याच गावात सुरू झालं. कस्टर्ड खाताना त्यानं आपण तीर्थयात्रेला आल्याचं जाहीर केलं.

शेजारच्या आजोबांनी वाटेत वाचायला एक पुस्तक दिलं होतं. 'द लर्कर ॲट द थ्रेशोल्ड', १९४५. कव्हरवर दोन नावं, लव्हक्राफ्ट आणि डर्लेथ. नदीकाठच्या बाकावर बसून मुलानं ते उलटसुलट केलं, फोनवर काहीतरी शोधलं आणि मला म्हणाला, "मम्मा, धिस इज फनी. पन्नास हजार शब्दांमधले फक्त बाराशे त्याचे आहेत. बाकी सगळं या डर्लेथनं लिहिलं. तो तर तेव्हा डेड होता ना?"

मी म्हटलं, हो, आठ वर्षं झाली होती. टिपणं होती त्याची, ती घेऊन यानं पूर्ण केलं.

"पण नाव आधी त्याचं आहे."

त्यानं ते सहजच म्हटलं आणि उरलेलं कस्टर्ड संपवायला लागला. मला माझ्या शाईच्या दौतीची आठवण झाली.

डर्लेथचा मला राग येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. तो नसता तर लव्हक्राफ्ट त्या पिवळ्या कागदाबरोबरच गेला असता. पण ज्यानं वाचवलं त्यानंच मिसळलं, आणि आज ऐंशी वर्षांनीही अभ्यासक बसून निवडताहेत, कुठलं मूळचं आणि कुठलं मागाहूनचं. तांदूळ निवडावेत तसं. वॉन्ड्राईचं वेगळंच झालं. दुसऱ्याच्या कथा पुस्तकात आणल्या, पण त्याच्या स्वतःच्या विज्ञानकथांचा मोठा संग्रह निघाला तो १९८९ साली, तो गेल्यावर दोन वर्षांनी, तोही मिनियापोलिसमधल्या फेडोगन अँड ब्रेमर नावाच्या अशाच एका चिमुकल्या संस्थेनं. म्हणजे गोळा करणाऱ्यालाही पुढे कुणीतरी गोळा करावं लागतं.

शिकागोहून परत आल्यावरच्या शनिवारी मी लायब्ररीत चौघांसमोर सांगून टाकलं. शेवट माझा आहे. आयटीवाला म्हणाला, मग काय झालं, राहू दे की, कुणाला कळतंय? काकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "मला कळलं होतं. सगळ्या कात्रणात 'पाऊस' आहे. तुझ्या पानांत एकदा 'वर्षाव' आलाय. मास्तर वर्षाव म्हणणार नाहीत."

त्याच रात्री, म्हणजे सांगलीच्या सकाळी, मी आईला फोन केला. एव्हाना तुम्ही म्हणाल, बाई, हा फोन तू मे महिन्यातच का नाही केलास? खरंय. आई ब्याऐंशी वर्षांची आहे, तिला बाबांचं काही विचारलं की ती दोन दिवस जेवत नाही, म्हणून मी टाळत होते. या वेळी विचारलं.

"शेवट ना," आई म्हणाली, "तो रजेचा अर्ज लिहितो."

"कोण?"

"कारकून. दौत उघडतो ती त्यासाठीच. अर्ज लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवतो आणि शेवटच्या एसटीनं जतला जातो. पाऊस येतो की नाही ते बघायला. तुझ्या बाबांनी आधी त्याला बटण दाबायला लावलं होतं. मी लिहून काढताना म्हटलं, अहो, कारकून आहे तो, वरच्याच्या सहीशिवाय पंखासुद्धा चालू करणार नाही. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मग बदललं."

मी म्हटलं, आई, वाक्यं आठवतात का? ती थोडी थांबली. "वाक्यं त्यांची होती. मला कशी आठवतील? अर्जाचा मजकूर तेवढा आठवतो. 'पोटात दुखत असल्या कारणाने.'"

मग आत्याला विचारलं. ती मिरजेला असते, तिनं अंक छापून आल्या दिवशी वाचला होता. तिचं ठाम म्हणणं की शेवटी जतला पाऊस पडतो, लोक नाचतात. आई म्हणते, मुळीच नाही, एसटी सुटते तिथेच गोष्ट संपते. नाचणं वगैरे तिला सिनेमातलं आठवतंय. नणंद-भावजयीत यावरून आठ दिवस फोन चालू होते. बाबा गेल्यापासून त्या दोघी एवढं बोलल्या नव्हत्या, असं भाचा म्हणतो.

काय करायचं ते मग आपोआपच ठरलं. कथा जिथे तुटते तिथे तोडायची. कंसातली ती ओळ आहे तशी ठेवायची. खाली रेघ मारून, वेगळ्या टायपात, आईनं सांगितलेला शेवट आईच्या नावानं आणि आत्यानं सांगितलेला आत्याच्या नावानं. माझी पानं मी फाडली नाहीत, पिशवीत ठेवली. वर पेन्सिलनं माझं नाव घातलंय.

आयटीवाल्याला पानांची काळजी. काकांनी बोटांवर हिशोब केला. पुस्तक छापतात ते सोळा-सोळा पानांच्या फर्म्यात. शेवटच्या फर्म्यात अशीही तीन पानं कोरी जाणार होती. "तुझ्या आईला आणि आत्याला प्रत्येकी एक," ते म्हणाले, "आणि एक रिकामं राहू दे." काकांचे सहा महिने सप्टेंबरात संपले. शेवटची मुद्रितं त्यांनी विमानतळावर, सुरक्षा तपासणीच्या रांगेत लागेपर्यंत वाचली. आता ते पुण्यात छापखान्याच्या मागे लागलेत आणि रोज रात्री मला कागदाचे फोटो पाठवतात.

परवा आईला मी पानांचे फोटो पाठवले. तिनं भिंग लावून वाचले आणि फोन केला. "अगं, हे कथेचं पान तर सत्त्याऐंशी आहे. खाली दोनशे चौदा कशाला ठेवलंय? पुस्तकात तेवढी पानं तरी आहेत का? लोक शोधत बसतील."

म्हटलं, बसू देत.

ते शोधणं तुमच्यापासूनच सुरू करते. हा अंक सांगली, मिरज, कोल्हापूर, साताऱ्याकडच्या पुष्कळ घरांत जातो. डिसेंबरात तुमच्यापैकी बरेच जण तिकडे जाणार. माळ्यावर, पलंगाखालच्या ट्रंकेत, जुन्या शिक्षकाच्या घरी पाहा. १९८३ चा दिवाळी अंक, नेहमीच्या अंकांपेक्षा बोटभर उंच. मुखपृष्ठावर हिरव्या लुगड्यातली बाई आकाशकंदील लावतेय. पाठीवर साखर कारखान्याची जाहिरात. पान २१४ वर उजव्या रकान्यात, बहुधा राशिभविष्याच्या खाली, दहा-पंधरा ओळी असतील. फोटो काढलात तरी पुरे. अंक मागत नाही. मंडळाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. आणि आईचं म्हणणं खरं निघालं तर आत्याला लगेच सांगू नका.